उतार

हवामान केंद्राच्या माळ्यावर सापडला,
वाळल्या तुतींच्या पेटीला अस्तर म्हणून लावलेला.
एका सेंटिमीटरला एक किलोमीटर,
कोपऱ्यात जांभळ्या शाईत शिक्का : गुप्त.
गुप्ततेला तुतीचा चिकट वास.

आधी मी एक टेकडी चढलो,
गोल, तपकिरी, एकाच समोच्च रेषेची.
माथ्यावर पोचल्यावर कळलं,
हा कुणाच्या तरी चहाच्या पेल्याचा डाग.

बाकी नकाशा थट्टेतला नव्हता.
पंज नदी निळी, तिच्या पोटात बाण :
सेकंदाला अडीच मीटर.
शेजारी अपूर्णांक, वर रुंदी, खाली खोली,
आणि तळ कसा ते एका अक्षरात : खडकाळ.
पुलाशेजारी, पूल किती टन पेलेल.
इतकं बारकाईनं नदीकडे
एक तहानलेला बघतो
नाहीतर रणगाडा घेऊन आलेला.

ऐलतीरी जर्दाळूच्या बागांचे हिरवे ठिपके,
पैलतीरीही तेच ठिपके, तोच हिरवा.
तंगदेहला तेरा चौकोन,
सगळ्यांच्या नुसत्या कडा.

मी तो दव्लतमो आत्याकडे नेला.
तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
म्हणाली, तू वाच, मी बोट ठेवते.

वाचलं : तंगदेह, निर्मनुष्य.
ती म्हणाली, चौथ्या घरात आम्ही नऊ जण होतो.
ट्रक आले तेव्हा कणीक मळलेली होती.
खाली कापसाच्या खोऱ्यात नेऊन सोडलं,
पहिल्या उन्हाळ्यातच चार कमी झाले.
हे लिहिलंय?
नाही.
बरं. पुढे.

वाचलं : खिर्सक कुरण, उंची तीन हजार आठशे सत्तर.
आत्या हिरड्या दाखवत हसली.
खिर्सक आमचा कुत्रा रे!
मापणाऱ्यांची खेचरं हाकायला बाबा होते.
याचं नाव काय म्हणून त्यांनी विचारलं,
कुत्रा पुढ्यातच उभा.

मग हसू आवरून म्हणाली, आता उतार वाच.
नदीचे उतार, पायी जायचे.
तीन होते. तिन्ही वाचले.
आणि वाळुंजाच्या बेटाखालचा?
तिथे काही नाही, आत्या. सलग निळं.
नीट बघ.
भिंग घेऊन बघितलं. सलग निळं.

तिचं बोट तिथून हलेना.
ऑक्टोबरात गुडघाभर पाणी, म्हणाली,
पहाटे, ऊन हिमनदीला लागायच्या आत.
शकरमो तिथूनच सासरी गेली,
घागरा कमरेला खोचून, काखेत कोंबडी.
तिकडून हात केला. मग त्याच शिशिरात मापणारे आले,
आणि वसंतात तार.

मला वाटायचं, बाबांनीच दाखवला.
एका पोत्या साखरेपायी.
ते गेले तेव्हा चरोगाच्या रात्री
सगळ्या बायका वात वळायला बसल्या,
मी गोठ्यात जाऊन बसले.

झरे दाखवले त्यांनी, खिंडी दाखवल्या,
कुत्रासुद्धा देऊन टाकला.
एवढा एक...

पुढे बोलली नाही.
थोड्या वेळानं डागावर बोट फिरवत म्हणाली,
हा त्यांचाच असेल. पेला कुठेही ठेवायचे.
तो केंद्रातल्या कुणाचाही असू शकतो,
माझाही असू शकतो. मी गप्प बसलो.
तिनं कापसाची एक वात वळून
कोनाड्यात ठेवली. लावली नाही,
घरात तेल नव्हतं.

सकाळी नेहमीप्रमाणे पट्टी वाचायला गेलो.
पाणी एकशे बेचाळीस. वहीत लिहिलं.
वाळुंजाचं बेट आता नाही,
तिथे नदी दोन ठिकाणी फाटून परत जुळते.
पैलतीरावर एक बाई गालिचा बडवत होती.
काठी आधी दिसायची,
आवाज मागून यायचा.